वाचकांचे प्रश्न : बायोमेडिकल इंजिनिअरिंग ऑनलाइन कितपत शिकता येते?

बायोमेडिकल इंजिनिअरिंग ऑनलाइन शिकण्या-शिकवण्याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न, थोडे संक्षिप्त करून, या अंकात घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या महाविद्यालयात बायोमेडिकल शाखा नाही. परंतु मला वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रातच काम करायचे आहे. एनपीटेलवरील अभ्यासक्रम पूर्ण केले तर ते पुरेसे होईल का? सुरुवात कोठून करावी?
(विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : व्याख्यानांपुरते बोलायचे तर तुमची अडचण आता फारशी उरलेली नाही. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेल्या एनपीटेलवर बायोमेडिकल सिग्नल, वैद्यकीय प्रतिमा, बायोमेकॅनिक्स, बायोमटेरिअल्स अशा विषयांचे चार, आठ आणि बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम येत असतात. व्याख्याने विनामूल्य आहेत. शुल्क पडते ते परीक्षेचे, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. अंतिम गुणांत साधारणपणे गृहपाठाचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के असतो.

अभ्यासाच्या क्रमाबद्दल मात्र माझे स्पष्ट मत आहे. इलेक्ट्रॉनिक्सकडून येणारे विद्यार्थी सिग्नल प्रोसेसिंगचा अभ्यासक्रम आधी घेतात, कारण तो ओळखीचा असतो, आणि शरीरक्रियाशास्त्र ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवतात. तुम्ही हा क्रम उलटा करावा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून आलेला विद्युत संदेश वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोड या गाठीपाशी क्षणभर थांबतो आणि तेवढ्या अवधीत खालचे कप्पे रक्ताने भरून घेतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ईसीजीमधील पी लहर (वरच्या कप्प्यांची) आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची उंच लहर) यांच्यामधली सपाट जागा म्हणजे रिकामी जागा वाटत नाही. त्या जागेची लांबी वाढली तर काय बिघडले असेल, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप येतो. फिल्टर कोणता लावायचा, हे त्यानंतर ठरते.

आता तुमच्याच विषयातले एक उदाहरण घेऊ. ईसीजीचा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. एलटीस्पाइससारख्या, सर्किटची संगणकावर नक्कल (सिम्युलेशन) करणाऱ्या विनामूल्य सॉफ्टवेअरवर, किंवा आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेल्या ईसिमवर, तुम्ही एक मिलिव्होल्टचा स्रोत जोडून हजारपट वर्धन करणारा ॲम्प्लिफायर उभा केलात, तर पडद्यावर एक व्होल्टची देखणी लहर दिसेल आणि काम फत्ते झाले असे वाटेल. हेच सर्किट माणसाच्या छातीला जोडले तर बऱ्याचदा बाहेर एक सरळ रेघ मिळते. कारण त्वचा, जेल आणि धातू जेथे एकत्र येतात तेथे रासायनिक क्रियेमुळे स्वतंत्र व्होल्टेज तयार होते. दोन इलेक्ट्रोडांवरचे हे व्होल्टेज तंतोतंत सारखे नसते, आणि त्यांच्यातला फरक ३०० मिलिव्होल्टपर्यंत गेला तरी ईसीजी यंत्र चालले पाहिजे, अशी मानकांची अपेक्षा असते. ३०० मिलिव्होल्टचे हजारपट म्हणजे ३०० व्होल्ट. पाच व्होल्टवर चालणारा ॲम्प्लिफायर तेथे वर जाऊन अडकणारच. म्हणून पहिल्या टप्प्यावर वर्धन कमी ठेवतात, मग स्थिर व्होल्टेज काढून टाकतात आणि उरलेले वर्धन त्यानंतर करतात.

हे तुम्ही घरी बसूनही शिकू शकता; त्यासाठी तुमच्या सिम्युलेशनमध्ये त्या एक मिलिव्होल्टच्या स्रोताशी एकसरीत ३०० मिलिव्होल्टचा दुसरा, स्थिर व्होल्टेजचा स्रोत जोडायचा आहे, इतकेच. पण तो जोडायला हवा हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ऑनलाइन शिक्षणाची मर्यादा मला दिसते ती येथे. सिग्नल शरीरातून बाहेर पडून तारेत आला की पुढचे जवळजवळ सगळे पडद्यावर शिकता येते; शरीर आणि उपकरण जेथे एकमेकांना भिडतात तेथे काय होते, हे कोणीतरी दाखवल्याशिवाय किंवा आपण स्वतः पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून व्याख्यानांच्या जोडीला महाविद्यालयाचे पत्र घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ईसीजी कक्षात काही दिवस बसण्याची परवानगी मागा. तेथे यंत्राकडे कमी आणि इलेक्ट्रोड लावणाऱ्या सिस्टरांच्या हातांकडे जास्त पाहा. घामेजलेल्या त्वचेवर त्या काय करतात, छातीवर दाट केस असतील तर काय करतात, थरथरणाऱ्या वृद्ध रुग्णाला कसे स्थिर करतात, डाव्या-उजव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाल्याचे त्यांच्या कशावरून लक्षात येते, हे विचारा. (अदलाबदल झाली की पहिल्या लीडमधील, म्हणजे दोन हातांच्या इलेक्ट्रोडांमधून मिळणारा, आलेख उलटा येतो. अनुभवी नजरेला तो लगेच खटकतो. नवख्या अभियंत्याचा संगणक मात्र त्यावर निर्धास्तपणे निदान छापतो.)

प्रश्न : ‘घरबसल्या बायोमेडिकलची अभियांत्रिकी पदवी’ अशी जाहिरात पाहण्यात आली. नोकरी सांभाळून ती घ्यावी काय?
(वाचक, पनवेल)

उत्तर : घेऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ किंवा पूर्णतः ऑनलाइन पद्धतीने देण्यास मान्यता नाही. नियमित पदवी घेत असताना विद्यापीठाने ठरवलेल्या मर्यादेत, म्हणजे आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत, विषय स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरून पूर्ण करता येतात. ती गोष्ट निराळी आहे आणि तिचा लाभ अवश्य घ्यावा. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या शाखेची पदवी असेल, तर २०२० पासून गेट परीक्षेत बायोमेडिकल इंजिनिअरिंगची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. ती देऊन एम.टेक.च्या वाटेने या क्षेत्रात येणे अधिक खात्रीचे आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. महासाथीच्या काळात प्रात्यक्षिके ऑनलाइन झाली आणि त्यांतील काही आजही तशीच चालू आहेत. आभासी प्रयोगशाळेत सर्व विद्यार्थ्यांना एकच स्वच्छ ईसीजी मिळतो, सर्वांची उत्तरे सारखी येतात आणि जर्नले एकमेकांची उतरवलेली असतात. खरोखर कोणाला समजले आहे, हे कसे ओळखावे?
(प्राध्यापक, नवी मुंबई)

उत्तर : आपला प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आभासी प्रयोगशाळा टाकाऊ नाहीत. खरे उपकरण हाताळण्यापूर्वी कोणते बटण काय करते, याची ओळख करून घेण्यास त्या उपयोगी पडतात. परंतु ज्या प्रयोगात काही बिघडूच शकत नाही त्यावर परीक्षा घेतली, तर उतरवलेले जर्नल आणि समजून लिहिलेले जर्नल यांत फरक दिसणे शक्यच नसते. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती खऱ्या माणसाचा, खोट असलेला आणि दुसऱ्यापेक्षा वेगळा सिग्नल द्यावा लागेल. सुदैवाने असे सिग्नल फिजिओनेट या संग्रहावर कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहेत.

त्यांतील एमआयटी-बीआयएच ॲरिथमिया (हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा) डेटाबेस आपल्या परिचयाचा असेलच. बोस्टनमधील बेथ इस्रायल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने १९७५ ते १९७९ या काळात नोंदवलेल्या ईसीजींमधून प्रत्येकी अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी निवडून तो तयार केला गेला, आणि १९८० पासून तो जगभर वापरला जातो. प्रत्येक नोंदीत दोन वाहिन्या, म्हणजे एकाच वेळी नोंदलेले दोन सिग्नल, आहेत, सेकंदाला ३६० नमुने आहेत, आणि एकूण सुमारे १,१०,००० ठोक्यांवर तज्ज्ञांनी खुणा केलेल्या आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यातील १०० क्रमांकाची नोंद उघडली जाते, तिच्यावर क्यूआरएस शोधणारा प्रोग्रॅम चालवला जातो आणि प्रात्यक्षिक संपते. वास्तविक या संग्रहाचे शैक्षणिक मोल त्याच्या बारकाव्यांत आहे, आणि ते बारकावे डेटाबेससोबतच्या माहितीत मोकळेपणाने लिहून ठेवलेले आहेत.

एक बारकावा सविस्तर पाहू. विजेच्या तारांमुळे येणारा गोंगाट काढण्यासाठी आपले विद्यार्थी ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळणारा) लावतात, कारण पुस्तकात तसे आहे आणि आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये ५० हर्ट्झच असतात. बोस्टनमध्ये मात्र वीज ६० हर्ट्झची आहे. सेकंदाला ३६० नमुने हा आकडाही ६० हर्ट्झचा गोंगाट सोप्या डिजिटल फिल्टरने काढता यावा म्हणून निवडलेला आहे. एका आवर्तनात बरोबर सहा नमुने बसतात. गंमत पुढेच आहे. रुग्णाच्या अंगावरचे मूळ रेकॉर्डर बॅटरीवर चालणारे होते, त्यामुळे विजेचा गोंगाट प्रामुख्याने शिरला तो नंतर, टेप वाजवून सिग्नल संगणकात घेताना. काही टेपा दुप्पट वेगाने वाजवल्या गेल्या. अशा नोंदी मूळ वेगावर आणल्या की ६० हर्ट्झचा गोंगाट ३० हर्ट्झवर येऊन बसतो, आणि ३० हर्ट्झच्या आसपास क्यूआरएसचाही काही अंश असतो. आता विद्यार्थ्याला एवढेच विचारावे : ‘तुमच्या नोंदीत गोंगाट कोणत्या वारंवारतेला आहे, तो तेथे का आहे, आणि तो काढताना हृदयाचे काय काय तुमच्या हातून निघून जाईल?’ या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवता येत नाही, कारण शेजाऱ्याची नोंद वेगळी असते.

अशा जागा आणखीही आहेत. १०२ आणि १०४ या नोंदींत वरच्या वाहिनीवर नेहमीचा लीड नाही, कारण त्या रुग्णांच्या अंगावर शस्त्रक्रियेनंतरच्या मलमपट्ट्या होत्या आणि नेहमीच्या जागी इलेक्ट्रोड लावणे शक्य नव्हते. ११४ मध्ये दोन्ही वाहिन्यांची अदलाबदल झालेली आहे; ‘पहिली वाहिनी म्हणजे अमुक लीड’ असे गृहीत धरणारा प्रोग्रॅम तेथे चुकतो. २०१ आणि २०२ या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत. म्हणून ४८ नोंदी असल्या तरी माणसे ४७ आहेत. मशीन लर्निंगच्या प्रकल्पात विद्यार्थ्याने २०१ प्रशिक्षणासाठी आणि २०२ चाचणीसाठी ठेवली, तर त्याचे मॉडेल ओळखीच्या माणसाचीच परीक्षा देते. त्याहून मोठी चूक म्हणजे सगळ्या रुग्णांचे ठोके एकत्र मिसळून त्यांची प्रशिक्षण आणि चाचणी यांत यादृच्छिक वाटणी करणे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत ९९ टक्के अचूकतेचे दावे दिसतात तेव्हा मी सर्वप्रथम ही वाटणी तपासतो.

परीक्षेबाबत माझी सूचना अशी आहे. लेखी अहवालाला कमी गुण ठेवावेत आणि प्रत्येकाची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर घ्यावी. विद्यार्थ्याने पडदा शेअर करावा, आपण त्याच्या नोंदीतील एखाद्या सेकंदावर बोट ठेवावे आणि येथे काय दिसते ते विचारावे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला हे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. परंतु साठ उतरवलेली जर्नले तपासण्यात जाणारे तासही काही कमी नसतात.

ज्यांच्या घरी प्रयोगाची साधने नाहीत त्यांच्यासाठी बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर उत्तम आहे. २०२० नंतर तो असंख्य घरांत आला आणि आता कपाटात पडून आहे. हात गार पाण्यात बुडवून काढल्यावर पडद्यावरची लहर का खुरटते, दंड दाबून धरल्यावर आकडा का नाहीसा होतो, बोटावर टॉर्चचा झोत पाडल्यावर काय होते, हे पाहून विद्यार्थ्याने उपकरणातील ६६० (लाल) आणि ९४० (अवरक्त) नॅनोमीटरच्या दोन प्रकाशांचे गणित आपल्या शब्दांत मांडावे. गडद त्वचेच्या व्यक्तींमध्ये हे उपकरण ऑक्सिजनची पातळी प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकते, हे २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. आपल्या देशातील विद्यार्थ्यांनी तर या प्रश्नावर वर्गात चर्चा केलीच पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी तिने एडी८२३२ चिप असलेला छोटा ईसीजी बोर्ड मागवला आहे. तो अंगाला लावून ती लॅपटॉपवर स्वतःचा ईसीजी पाहते. यात धोका आहे का?
(पालक, सातारा)

उत्तर : बोर्डापासून धोका अल्प आहे, तो तीन-साडेतीन व्होल्टवर चालतो. काळजी घ्यायची ती भिंतीतल्या विजेची. बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला, लॅपटॉप चार्जरला आणि चार्जर सॉकेटला जोडलेला असेल, तर आपल्या मुलीच्या छातीपासून २३० व्होल्टपर्यंत एक अखंड साखळी तयार होते, आणि तिच्यात आड असते ते चार्जरमधील इन्सुलेशन. रुग्णालयातील यंत्रांसाठी याच कारणाने कडक मर्यादा आहेत : त्वचेला जोडल्या जाणाऱ्या यंत्रातून सर्वसाधारण स्थितीत रुग्णाकडे जाणारा गळती प्रवाह १०० मायक्रोॲम्पिअरच्या आत हवा, आणि थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या यंत्रात तो १० च्या आत हवा. बाजारातला स्वस्त चार्जर या कसोट्यांवर तपासलेला नसतो.

तेव्हा नियम सोपा आहे. इलेक्ट्रोड अंगावर असेपर्यंत लॅपटॉपचा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे समजू नये. त्याच वेळी लॅपटॉपला प्रिंटर, मॉनिटर किंवा नेटवर्कची तार जोडलेली नसावी. विजेवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपचा प्रोब अंगाला लावलेल्या सर्किटवर कधीही टेकवू नये. सिग्नल ब्लूटूथने मोबाइलवर पाठवणारी, बॅटरीवर चालणारी जुळणी तिने केली तर सर्वांत चांगले. तिच्या अभ्यासातही भर पडेल. पेसमेकर बसवलेल्या आजी-आजोबांवर हा प्रयोग करू नये.

आणखी एक गोष्ट घरातील सर्वांना सांगून ठेवावी. या बोर्डावर दिसणारा ईसीजी शिकण्यासाठी आहे. छातीत दुखत असताना ‘लॅपटॉपवर सगळे ठीक दिसते आहे’ म्हणून घरी थांबू नये; एका लीडच्या आलेखात हृदयविकाराचा झटका दिसेलच असे नाही.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात उपकरणांची देखभाल पाहतो. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदविका आहे. पुढे शिकण्याची इच्छा आहे. परंतु इंग्रजी व्याख्याने भराभर पुढे जातात आणि त्यांतले बरेचसे माझ्या रोजच्या कामाशी जुळत नाही. माझ्यासारख्याने ऑनलाइन काय शिकावे?
(तंत्रज्ञ, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : ज्या गोष्टीसाठी इतर पत्रलेखक धडपडत आहेत ती आपल्यापाशी रोज आहे. आपण उपकरणे रुग्णाशेजारी चालताना आणि बंद पडताना पाहता. आपले काम किती मोलाचे आहे, हे राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ मध्ये सुरू झालेल्या उपकरण देखभाल कार्यक्रमावरूनही दिसते : जिल्हा रुग्णालयांत उपकरणे ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रांत ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ८० टक्के वेळ चालू स्थितीत असावीत, असे लक्ष्य त्याने ठेवले.

भाषेच्या अडचणीवर एक चांगला उपाय आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथॉन, सायलॅब, लिबरऑफिस अशा मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे धडे असून त्यांतील अनेक मराठी आवाजात उपलब्ध आहेत. धडा पाहत पाहत शेजारच्या खिडकीत तेच काम आपण करायचे, अशी त्यांची पद्धत आहे. लिबरऑफिसच्या तक्त्यात आपल्या रुग्णालयातील उपकरणांची नोंद ठेवण्यापासून सुरुवात करा : उपकरण, अनुक्रमांक, बिघाडाची तारीख, कारण, बदललेला भाग. सहा महिन्यांच्या नोंदीवरून कोणते उपकरण वारंवार आणि कशामुळे बंद पडते हे दिसू लागेल, आणि सुट्या भागांची मागणी लिहिताना आपल्या हाती आधार राहील.

दुरुस्तीसाठी फ्रँक्स हॉस्पिटल वर्कशॉप या संकेतस्थळावर असंख्य उपकरणांच्या सर्व्हिस मॅन्युअल आहेत. आयफिक्सइटनेही मे २०२० मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या मॅन्युअलचा मोठा संग्रह खुला केला. मॅन्युअलचे इंग्रजी व्याख्यानाइतके भराभर पळत नाही, तेथे आकृत्या असतात, आणि उपकरण समोर असल्याने शब्द अडला तरी भाग ओळखता येतो. एका वेळी एकच उपकरण घ्या.

सिरिंज पंपापासून सुरुवात करावी असे मी सुचवेन. सिरिंज पाण्याने भरून पंप तासाला पाच मिलिलिटरवर लावा, बाहेर येणारे पाणी झाकण असलेल्या छोट्या बाटलीत घ्या आणि तासाभराने अचूक वजनकाट्यावर तोला. पाच मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ पाच ग्रॅम. वजन कमी आले तर लगेच पंपाला दोष देऊ नका. सुरुवातीला सिरिंजचा दट्ट्या आणि त्याला ढकलणारा पंपाचा भाग यांच्यातील सैलपणा भरून निघेपर्यंत पाणी येतच नाही, आणि प्रवाह जितका मंद तितका हा वेळ वाढतो. नवजात बालकांच्या कक्षात हाच उशीर औषध उशिरा पोहोचण्याचे कारण ठरतो, म्हणून तेथील सिस्टर पंप लावल्यावर, रुग्णाला जोडण्यापूर्वी, नळी भरून घेतात. पंपावर निवडलेली सिरिंजची कंपनी आणि प्रत्यक्ष लावलेली सिरिंज वेगळी असली तरीही आकडा चुकतो, कारण पंप दट्ट्या किती सरकला हे जाणतो आणि त्यावरून किती द्रव गेला याचा हिशेब सिरिंजच्या आतील व्यासावर करतो. ही घरगुती तपासणी आपल्या शिक्षणासाठी आहे. रुग्णासाठी पंप योग्य असल्याचे प्रमाणपत्र मात्र नियमित कॅलिब्रेशन झालेल्या साधनांनीच द्यावे लागते.

हे करताना मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून त्यांवर मराठीत बोला : बिघाड काय होता, कोठे शोधला, काय सापडले. जवळच्या तंत्रनिकेतनातील शिक्षकांना ते दाखवा, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांना असे साहित्य दुसरीकडे सहसा मिळत नाही. मात्र त्यापूर्वी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या, आणि चित्रीकरण कार्यशाळेतच करा. वॉर्डात करणे अपरिहार्य असेल तर रुग्णाचा चेहरा, केसपेपर आणि खाटेवरचे नाव यांपैकी काहीही चौकटीत येऊ देऊ नका.